ट्रेनिंगच्या वर्गात दुसरं कुत्रं दिसलं की आमची चिंगी बिथरते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीचे. चिंगी आमची गावठी कुत्री, माणसांत अगदी लाघवी, घरी सांगितलेलं सगळं ऐकते. पण वर्गात दुसरं कुत्रं दिसलं की तिचा नूरच पालटतो. आधी लोंबणारी जीभ आत जाते, तोंड घट्ट मिटतं, कान पुढे, पाठीवरचे केस उभे. तेवढ्यात हाक मारली तर कधी कधी वळून बघते. तो क्षण निसटला की भुंकणं, झेप घेणं सुरू. मग नाकासमोर उकडलेली कोंबडी धरली तरी तिचं लक्ष जात नाही.

आजवर कुणाला चावलेली नाही. डॉक्टरांनी तपासलंय, दुखणंखुपणं काही नाही. वाडीतल्या कुत्र्यांशी मोकळी असताना तिचं बरं जमतं. वळसा घालून जवळ येतात, हुंगतात, आपापल्या वाटेला लागतात. पट्टा असला की तो वळसाच घेता येत नाही, म्हणून हे सगळं भीतीपोटी होतंय असं मला वाटतं.

वर्ग एका छोट्या पटांगणात भरतो. दोन कुत्र्यांत दहा-बारा फुटांपलीकडे अंतर मिळत नाही. शिकवणारे म्हणतात, भुंकली की चोकचेनला (ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीला) झटका द्या. मला ते मुळीच पटत नाही. कुत्रं दिसलं की गळ्याला हिसका बसतो हे तिच्या डोक्यात पक्कं झालं तर भीती वाढेलच. शिवाय भुंकणं दाबलं तर उद्या इशारा न देता चावेल.

भाट्याच्या किनाऱ्यावर मात्र चित्र वेगळं. ओहोटीला वाळू इतकी रुंद होते की हवं तेवढं लांब राहता येतं. दूरवर कुत्रं दिसलं, तिने पाहिलं, की लगेच कोंबडीचा तुकडा. (सुकी मासळी तिला जास्त आवडते, पण खारट म्हणून देत नाही.) हल्ली ती कुत्रं बघून आपणहून माझ्याकडे वळते! पण शंभरेक पावलांच्या आत आलो की पुन्हा तेच. त्यात ओहोटी रोज पाऊणएक तास पुढे सरकते, नोकरी सांभाळून वेळ जुळत नाही. मच्छीमार रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर कुत्र्यांचा घोळका असतो, तेव्हा सरळ मागे फिरतो.

वर्ग सोडून द्यावा, की पटांगणाच्या गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) उभं राहून, तिला बाकीची कुत्री अधूनमधूनच दिसतील असं बसवून चालू ठेवावा? अंतर कमी करताना पुढच्या टप्प्यावर कधी जायचं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ज्यांची कुत्री यातून सावरली त्यांनी सविस्तर लिहा.

दुसऱ्या कुत्र्यासोबत लांबून समांतर चालवणं उपयोगी पडतं असं वाचलंय. रत्नागिरीत कुणाकडे शांत, वयस्क कुत्रं असेल आणि रविवारी भाट्याला यायची तयारी असेल, तर कृपया निरोप करा. वेळ ओहोटी बघून ठरवू.