जिप्सीचा कॅम रिग्राइंड करतोय, लोब सेपरेशन १०६ की ११२?

घाटजिप्सी
नमस्कार मंडळी, माझी एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) जिप्सी आहे, जी१३बीबी इंजिन, सिंगल कॅम १६ व्हॉल्व्ह. हेड उतरवलंच आहे तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) रिग्राइंड करून घेतो म्हटलं, म्हणजे त्याचे लोब (उंचवटे) नव्या आकारात घासून. ग्राइंडिंगवाला विचारतोय लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधला कोन) १०६ डिग्री ठेवू की ११२, ड्युरेशन (क्रँकच्या किती डिग्री व्हॉल्व्ह उघडा राहतो ते) दोन्हीत २६०. गाडी घाटात आणि ऑफरोडलाच फिरते. १०६ ने टॉर्क वाढतो म्हणतात, खरंय का? आणि अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअर टाकला तर अँगल नंतर बदलता येईल का?

टॅपेट_कोल्हापूर
नाही येणार. सिंगल कॅमला इनटेक-एक्झॉस्टचे लोब एकाच शाफ्टवर असतात, गिअर सरकवला की दोन्ही सोबतच पुढेमागे होतात, त्यामुळे ग्राइंडिंगला जो अँगल पडला तोच कायम. डबल कॅम असता तर जमलं असतं.
टॉर्कचं म्हणशील तर मधल्या आरपीएमला वाढतो हे खरं, पण २६० वर १०६ केलास तर ओव्हरलॅप ४८ डिग्री होतो, ११२ ला ३६ च. ओव्हरलॅप म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे. आयडलला मॅनिफोल्डात व्हॅक्युम असतो ना, मग जळालेला गॅस उलटा इनटेककडे ओढला जातो, गाडी थरथरते, मॅप सेन्सरचं (मॅनिफोल्डातला दाब मोजणारा) रीडिंग हलत राहतं आणि स्टॉक ईसीयू (कंपनीचा इंजिन कॉम्प्युटर) पेट्रोल नीट देत नाही. दगडांवर क्लच सोडून हळू चढायचंय तिथे हे अजिबात नको.

मावळ४बाय४
शिवाय व्हॅक्युम कमी झाला की ब्रेक बूस्टरची मदतही कमी होते, घाट उतरताना पेडल कडक लागेल, हे हलक्यात घेऊ नकोस.

टॅपेट_कोल्हापूर
अगदी बरोबर. पण माझं ऐकशील तर नुसत्या अँगलवर अडू नकोस, ड्युरेशन २४८ करून १०६ घे. ओव्हरलॅप तेवढाच, ३६, आणि अ‍ॅडव्हान्स न देता, म्हणजे कॅम पुढे न सरकवता, बसवलास तर इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली असतो तो बिंदू) ५० डिग्रीला बंद होतो, २६०-११२ मध्ये तोच ६२ ला होतो. लवकर बंद म्हणजे कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये भरलेली हवा परत बाहेर ढकलली जात नाही, खालचा टॉर्क तिथून येतो. वरची पॉवर जाईल, तुला ती कुठे लागतेय? फक्त नॉकिंगवर (पेट्रोल अवेळी पेटून येणारा ठकठक आवाज) कान ठेव.

घाटजिप्सी
हे पटलं, २४८ चं बोलतो त्याच्याशी. पिस्टनला व्हॉल्व्ह लागायची भीती आहे का?

मावळ४बाय४
कॅम कुठलाही बसव, पिस्टनवर मुलांची खेळायची माती चिकटव, हेड कसून क्रँक हाताने दोन फेरे फिरव, मग हेड उघडून माती ब्लेडने काप आणि सर्वात पातळ जागा मोज, तेवढंच अंतर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये आहे. सेल्फ मारायचा तो त्यानंतरच.