२०० ग्रॅम ओट्स म्हणजे किती कप?

मीनल_डोंबिवली: ओट्सच्या लाडवांच्या कृतीत २०० ग्रॅम रोल्ड ओट्स लिहिलेत. घरी काटा नाही, २४० मिलीचा कप आहे. सासूबाई म्हणतात, रव्याच्या मापानं घाल. चालेल?

खादाडभाऊ: नाही हो ताई. त्याच कपात रवा १६०-१७० ग्रॅम बसतो, रोल्ड ओट्स जेमतेम ९०. पापुद्र्यांच्या मधे नुसती हवा! तुम्ही सव्वादोन कप घ्या. चमच्यानं अलगद भरा, वरून सुरीनं सपाट करा. डब्यात कप खुपसून, ठोकून भरलात तर कपात शंभर ग्रॅमही जातील.

रेवाची_आई: पाकिटावर स्टील कट, म्हणजे चपटे न करता नुसते कापलेले दाणे, लिहिलं असेल तर हिशोब वेगळा. ते कपात १६०-१७० ग्रॅम भरतात, म्हणजे सव्वा कप पुरे. पण लाडवाला घेऊच नका, दाताखाली कचकचतात.

मीनल_डोंबिवली: रोल्डच आहेत. भाजून मिक्सरला फिरवायचेत. मग सव्वादोन कप दळण्याआधी की नंतर?

खादाडभाऊ: आधी! दळल्यावर वजन जवळपास तेच राहतं, पीठ मात्र दोन कपांच्या आतच भरतं. पिठाचेच सव्वादोन कप घेतलेत तर लाडू कोरडे होऊन फुटतील, मग तूप ओतत बसा. आणि ४०० ग्रॅमचं न फोडलेलं पाकीट असेल तर कप राहू द्या बाजूला. ताटात ओता, निम्मे निम्मे दोन ढीग करा.

मीनल_डोंबिवली: पाकीट ४०० चंच आहे! सासूबाईंना ढीग करायला बसवते.