औदुंबर म्हणजे साधूच का? कविता वाचायची की सोडवायची

फोंड्याची_आई
मुलगी बारावीला आहे. ट्युशनमध्ये रसग्रहणाच्या सरावाला बालकवींची 'औदुंबर' दिली होती. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी, फक्त 8 ओळींची कविता आहे. बेटाबेटांतून वाहणारा निळासावळा झरा, पलीकडे टेकडीकडे चार घरांचं गाव, पुढे शेतमळे, त्यातून एक पांढरी पायवाट हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे जाते आणि तिथे पाण्यात पाय टाकून औदुंबर बसलाय. झालं, संपली.
पोरीने लिहिलं की हे झाड म्हणजे आमचे आजोबा, काम आटपून तळीत पाय सोडून बसायचे तसे, कुणाशी बोलायचे नाहीत पण राग नसायचा. 5 पैकी 2. बाजूला लाल पेनने 'औदुंबर = विरक्त योगी, डोह = मृत्यू, पायवाट = जीवनमार्ग', नोट्समध्ये असतं तसं. गणितात एक्सची किंमत काढतात तसं. माझं म्हणणं, आधी कवितेत काय दिसतं ते बघू दे ना तिला, योगी नंतर. तुमचं काय मत?

निवृत्त_मास्तर
ताई, रागावू नका पण 2 कमी नाहीत. आजोबा कवितेत कुठे आहेत? ते तुमच्या घरचे. उद्या दुसरा म्हणेल मला झाडात आमची म्हैस दिसली, पाण्यात बसलेली, त्यालाही मार्क देऊ? मी बरीच वर्षं मराठी शिकवलं आहे. आणि कवीने औदुंबरच निवडलाय हे विसरू नका. काठावर करंज असतो, जांभूळ असते, ती नाही घेतली. मराठी माणसाला औदुंबर म्हटलं की दत्त आठवणारच, झाडाखाली पादुका असतात आपल्याकडे. तो अर्थ नोट्सवाल्यांनी बाहेरून चिकटवलेला नाही.

चोडणकार
मास्तर, दत्ताचा मुद्दा बरोबर, पण शीर्षक सोडलं तर तो शब्द येतो कधी? सगळ्यात शेवटी. शीर्षक झाकून वाचलं तर तोपर्यंत माहीतच नाही कोण बसलाय ते, 'पाय टाकुनी जळांत बसला' इथपर्यंत माणूसच वाटतो. मग कळतं की झाड. म्हणजे आधी माणूस, मग झाड, मग पाहिजे तर दत्त. नोट्समध्ये उलटं, पहिल्याच ओळीत योगी आणि मग कविता त्याच्यामागून फरफटत. आम्ही चोडण बेटावरून रोज फेरीबोटीने रायबंदरला जाणारी माणसं, 'बेटाबेटांतुन' म्हटलं की मला पहिलं पाणी दिसतं, तत्त्वज्ञान नाय दिसत. (आमच्याकडे त्या झाडाला रुमड म्हणतात. रुमड म्हटलं की आधी खाली पडून सडलेली फळं आणि त्यावरच्या माश्या आठवतात, दत्त नंतर.)

वास्को_मेल
सगळे एक गोष्ट विसरता. बालकवी 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वय 27. हे कळल्यावर 'काळ्या डोहाकडे' जाणारी पायवाट नुसती पायवाट कशी वाटेल? अंगावर काटा येतो राव. डोह म्हणजे मृत्यू यात चुकीचं काय आहे मला कळत नाही.

फोंड्याची_आई
पण मृत्यू लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हता, आपल्याला ठाऊक आहे. ही तर सिनेमाचा शेवट माहीत असलेल्या माणसाची गंमत झाली, त्याला पहिल्या सीनमध्येच सगळं सूचक दिसतं. शिवाय काळिमा 'गोड' आहे हो! ओळ आहे 'झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर'. मृत्यू म्हणायचा तर या गोडचं काय करायचं ते सांगा, नोट्समध्ये त्या शब्दाबद्दल एक अक्षर नाही.

वास्को_मेल
गोड आहे म्हणूनच तर भीती जास्त. ज्याला जायचंय त्याला काळोख गोडच लागणार.

फोंड्याची_आई
हे पटलं थोडं. बघा, आता तुम्ही शब्दावरून बोललात, तारखेवरून नाही.

निवृत्त_मास्तर
आणि काळिमा कोण पसरतंय तेही विचारा लेकीला. काळिमा आपोआप पसरतो, की पुढच्या ओळीतला औदुंबर तो पसरतोय? दोन्ही प्रकारे अन्वय (कुठला शब्द कुणाशी जोडायचा ते) लागतो. मी वर्गात हा प्रश्न टाकायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा भांडायची. झाडाची सावली असेल तर मृत्यूबित्यू राहिला बाजूला, दुपारची पाण्यावरची साधी सावली झाली. पण मग ती सावली करणारा पाय टाकून निवांत बसलाय, गाव पलीकडे ठेवून. म्हणून विरक्त. उगाच नाही लिहिलं नोट्सवाल्याने, फक्त मधल्या पायऱ्या गाळल्या.

भजनी_ठेका
मी कवितेतला माणूस नव्हे, आमच्या मंडळात पखवाज वाजवतो. पण काल ही कविता ठेका धरून म्हणून बघितली आणि एक मजा सापडली ती सांगतो, कुणी आधी सांगितली असली तर माफ करा. लघु म्हणजे आखूड अक्षराची 1, गुरू म्हणजे लांब अक्षराच्या 2 मात्रा धरून मोजा. प्रत्येक ओळीत आधी 16 मात्रा, मग 11 (शेवटचं अक्षर लांबवून). त्या 16 चे पण 8 आणि 8 असे सरळ तुकडे पडतात, 'चार घरांचे | गांव चिमुकले | पैल टेकडीकडे'. 'निळासावळा | झरा वाहतो | बेटाबेटांतुन'. नाव हलल्यासारखी चालते. पहिल्या चार ओळी अशाच. आणि पाचवी येते, 'पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे'. इथे 8 मात्रा कुठे संपतात बघा. 'पायवाट पां' वर! शब्द मधोमध कापला जातो. हात अडखळतोच. एकूण 16 भरतात, पण आतली वाट वाकडी. वाट अडवीतिडवी आहे असं सांगणारीच ओळ अडवीतिडवी.
सहावीत पण जरा होतं, 'कुरणां | मधुनि', पण तिथे जोड आहे तिथेच सुटतं म्हणून एवढं लागत नाही. सातवी आठवी परत सरळ. 'पाय टाकुनी | जळांत बसला' बघा, 8 आणि 8, एकदम बसला.

चोडणकार
आयला हे भारीच. दोनदा मोजलं, बरोबर येतंय.

निवृत्त_मास्तर
मी आयुष्यभर मात्रा शिकवल्या, मोजून वृत्ताचं नाव लिहून पुढे गेलो. यती, म्हणजे ओळीत थांबायची जागा, कुठे शब्द कापते ते इथे बघितलं नव्हतं. मान्य. तरी एक सांगतो, कवीने मुद्दाम केलं असेल की जमून गेलं असेल ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही.

भजनी_ठेका
नकोच सिद्ध करायला मास्तर. म्हणताना अडखळायला होतं एवढंच म्हणतोय.

कुळागरवाली
लेट आले. कविता डोळ्यांनी वाचून नोट्स काढायची सवय लागली तिथेच घोळ आहे असं वाटतं. पुलं आणि सुनीताबाई बोरकरांच्या नि मर्ढेकरांच्या कविता स्टेजवर वाचून दाखवायचे तर हॉल भरायचे. बाकी मला या कवितेत एक वेगळंच खटकतं. माणूस कुठाय? घरं आहेत, शेतं हिरवी दाटलीत, पायवाट रुळलेली आहे म्हणजे चालणारे असणार. पण एक माणूस दिसत नाही, बैल नाही, पाखरू नाही. आठ ओळींत पाय फक्त झाडाला. लेकीचे आजोबा तिथे सुचले ते उगाच नाही, जागा रिकामी होती.

निवृत्त_मास्तर
हे चांगलं आहे. ताई, लेकीला सांगा, आजोबा लिही पण त्याच्या आधी हे वाक्य लिही, की कवितेत माणूस नाही आणि झाडाला पाय आहेत. मग आजोबा कवितेतून आले असं होईल, घरातून नाही. मी 4 दिले असते. चेतनगुणोक्ती (निसर्गातली गोष्ट माणसासारखी वागताना दाखवणं) हा अलंकार लिहिला असता तर कदाचित 5.

वास्को_मेल
आणि 'असला औदुंबर' मधला असला? आपण 'असला कसला' म्हणतो तेव्हा नाक मुरडतो. तो तुच्छतेने म्हणतोय का?

चोडणकार
मला तर तो 'बसला'ला यमक म्हणून आल्यासारखा वाटतो.

फोंड्याची_आई
लेकीला आत्ताच विचारलं. म्हणाली, 'असला म्हणजे बोट करून दाखवतात तसं गं, सात ओळी नुसतं सांगत होता ना, असा होता बघ म्हणून.' आणि जेवायचं सोडून आता बोटांवर मात्रा मोजतेय, सोलकढी निवतेय तिकडे.