केळ्याचा वास इसेन्सचा नव्हे

बिअर चाखून गुण देताना, गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास आला म्हणजे इसेन्स घातलाय, म्हणून गुण कापायचे, असं कुणीतरी म्हटलं; ते मला अजिबात पटलं नाही. जर्मन पद्धतीच्या हेफवायझनमध्ये, म्हणजे न गाळलेल्या गव्हाच्या बिअरमध्ये, तो वास यीस्टमुळेच येतो. आंबताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं वासाचं रसायन तयार होतं, त्याचं ते केळं. लवंगेची झाकही त्याच यीस्टची. हे दोन्ही नीट लागलं तर मी गुण वाढवून देतो.

पुण्यात मित्राबरोबर सँपलर (छोट्या ग्लासांत वेगवेगळ्या बिअर) मागवला की आम्ही गव्हाची आधी घेतो, आयपीए ही कडवट बिअर नंतर; कडवटपणा जिभेवर राहिला की हलकी बिअर पाणचट लागते. आणि दोघांनी आपापला आकडा लिहिल्याशिवाय चवीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एकाने ‘लवंग’ म्हटलं की दुसऱ्यालाही लवंगच लागते. फार गार असताना वास दबतो, तेव्हा ग्लास थोडा वेळ हातात धरा आणि मगच गुण द्या.