पोलिसांची खूण नसलेल्या गाडीने रात्री महामार्गावर थांबण्याचा इशारा केल्यास काय करावे?

प्रश्न : शहापूरची रहिवासी, बेळगाव

नमस्कार. मागच्या महिन्यात आईच्या डोळ्यांची तपासणी करून आम्ही दोघी कोल्हापूरहून बेळगावला परतत होतो. निघायलाच उशीर झाला होता आणि संकेश्वर मागे पडेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजून गेले. तिथून पुढे एक पांढरी गाडी आमच्या मागे लागली. तिच्यावर पोलीस असे कुठेही लिहिलेले नव्हते आणि टपावर दिवाही नव्हता. पुढच्या काचेच्या आत मात्र एक लहान लाल-निळा दिवा उघडझाप करत होता. त्या गाडीने दोन-तीनदा डिपर मारला, मग ती आमच्या बरोबरीने आली आणि चालकाशेजारी बसलेल्या माणसाने हात बाहेर काढून गाडी बाजूला घेण्याची खूण केली. त्याच्या अंगावर साधा शर्ट होता.

तो पट्टा अंधाराचा होता आणि जवळपास वस्ती दिसत नव्हती. आई घाबरून थांब, थांब म्हणत होती. पोलीस असतील तर उगीच गुन्हा दाखल होईल, ही तिची भीती. मला मात्र तिथे थांबण्याचे धाडस झाले नाही. मी वेग थोडा कमी केला आणि तशीच हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत आले. नाक्याचे दिवे दिसू लागले तेव्हा ती गाडी मागे नव्हती; ती कुठे वळली हे मला कळलेही नाही.

ते लोक खरे पोलीस होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही, आणि तीच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ते खरे असते तर मी कायदा मोडला असे झाले असते का? ते खोटे असते, तर मी केले त्याहून अधिक काय करायला हवे होते? या रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांनी आणि कायदा जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आईच्या तपासणीसाठी मला पुन्हा जायचेच आहे.

उत्तर : निपाणीचा चालक

ताई, मी तीस वर्षे याच रस्त्यावर गाडी चालवली आहे. आधी तंबाखूच्या वखारीचा माल नेत होतो, आता प्रवासी नेतो. तुम्ही थांबला नाहीत हे अगदी योग्य केलेत. फक्त एक गोष्ट राहिली. थांबायचे नसले, तरी आपण पळून जात नाही हे मागच्याला स्पष्ट दिसले पाहिजे. अशा वेळी लगेच डावा इंडिकेटर द्यावा, डाव्या लेनमध्ये यावे, वेग ताशी चाळीसच्या आसपास आणावा आणि त्याच वेगाने उजेडाच्या व माणसांच्या जागेपर्यंत जावे. गाडीतला आतला दिवा लावला, तर आत कोण आहे आणि हात कुठे आहेत हेही बाहेरून दिसते. खरा पोलीस असेल तर त्याला यातून कळते की हा माणूस ऐकतो आहे, पण सुरक्षित जागा शोधतो आहे. आणि लुटारू असेल तर त्याला नेमकी तीच जागा नको असते.

ती जागा कोणती, हे निघतानाच डोक्यात असावे. कोल्हापूरहून येताना कोगनोळीचा नाका, निपाणी, संकेश्वर, हत्तरगीचा नाका आणि काकती ही ठिकाणे आपल्या वाटेवर आहेत, आणि मधले पेट्रोल पंप व रात्रभर चालणारे धाबे वेगळेच. जोखीम आहे ती तवंदीच्या घाटात आणि वंटमुरीच्या घाटात, कारण तिथे चढावर वेग आपोआप कमी होतो आणि बाजूला वस्ती नसते. सहापदरीकरणाच्या कामामुळे जिथे जिथे वाहतूक सर्व्हिस रोडवर वळवलेली असते, तिथेही सावध राहावे. काम चालू आहे असे सांगून कोणी आडवाटेला वळायला लावले, तर मोठ्या ट्रक कुठून जात आहेत ते आधी पाहावे.

थांबल्यानंतरची पद्धत याहून महत्त्वाची आहे. पंपावर थांबलात तर गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवा, इंजिन बंद करू नका, दारे आतून लावलेली असू द्या आणि काच दोन बोटे खाली घ्या. पुढे दुसरी गाडी उभी असेल, तर तिची मागची चाके जमिनीला टेकलेली दिसतील इतके अंतर राखून उभे राहा. एवढे अंतर असले की मागे न घेता वळवून बाहेर निघता येते. कोणी गाडी आडवी घातलीच, तर खाली उतरून वाद घालू नका, हॉर्नवरचा हात काढू नका. या रस्त्यावर सतत वाजणारा हॉर्न ऐकून ट्रकवाले थांबतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक. पोलीस असल्याचे न सांगताही थांबवतात. मागच्या टायरमधून धूर येतो आहे, डिझेल गळते आहे, दार उघडे आहे, असे हातवारे शेजारच्या गाडीतून होतात. काही खरोखर भल्या मनाने सांगतात, पण तुम्हाला ते ओळखता येणार नाही. स्टिअरिंग ओढत नसेल आणि गाडी सरळ चालत असेल, तर पुढच्या पंपावरच तपासा.

उत्तर : खानापूरचा वकील

आधीच्या उत्तराशी मी सहमत आहे. कायद्याची बाजू थोडी विस्ताराने मांडतो, कारण ताईंच्या आईंची भीती अनेकांच्या मनात असते आणि लुटारू नेमका तिचाच फायदा घेतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार चालकाने परवाना दाखवायचा तो गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर. म्हणजे साधा शर्ट घातलेल्या कोणीही धावत्या गाडीतून हात दाखवून कागद मागणे हे त्या कलमात बसत नाही. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये असतील तर तीही ग्राह्य आहेत, त्यामुळे मूळ परवाना अनोळखी हातात देण्याची गरज पडत नाही. स्क्रीन काचेतून दाखवावी. फोन मात्र हातात देऊ नये. कायदेशीर आदेश जाणूनबुजून न मानल्यास कलम १७९ नुसार दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण इंडिकेटर देऊन, वेग कमी करून, ११२ या आपत्कालीन क्रमांकाला कळवून टोलनाक्यावर थांबणारी व्यक्ती आदेश धुडकावते आहे असे म्हणणे फार कठीण जाईल. ११२ ला केलेला कॉल हाच तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरतो, म्हणून तो चुकवू नये.

मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. गणवेश नाही म्हणजे पोलीसच नाही, असे समजणे चूक आहे. गुन्ह्याच्या तपासातील पथके साध्या वेशात आणि साध्या गाडीतून फिरतात व त्यांना अटकेचा अधिकार असतो. परंतु अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाची अचूक, स्पष्ट आणि दिसेल अशी ओळख धारण केली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात हीच अट घातली होती. ओळखपत्र मागणे हा अपमान नाही, तो तुमचा हक्क आहे. ओळखपत्र क्षणभर दाखवून खिशात घालू देऊ नका. नाव, हुद्दा आणि ठाणे मोठ्याने वाचा आणि फोनवर असलेल्या नियंत्रण कक्षाला ऐकू द्या. शंका उरलीच तर नम्रपणे सांगा की आपण पुढे चला, मी मागून ठाण्यात येते. त्यांच्या गाडीत मात्र बसू नका.

महिलांसाठी दोन तरतुदी पाठ असाव्यात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची असेल, तर अपवादात्मक परिस्थिती, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी या तिन्ही गोष्टी लागतात. महिलेची अंगझडतीही महिलेनेच घ्यायची असते. ‘बाई, पर्स उघडा, दागिने तपासायचे आहेत’ असे साध्या वेशातला पुरुष म्हणू लागला की तिथेच संशय धरावा. वयस्कर माणसांना ‘पुढे खून झाला आहे, दागिने काढून या कागदात बांधा’ असे सांगून फसवण्याची जुनी युक्ती आपल्याकडे बाजारपेठेतही चालते. गाडी हे तिचेच नवे रूप आहे.

दिव्याबद्दलही लिहितो. मे २०१७ पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, पण काचेच्या आत चिकटवायचे चमकणारे दिवे दुकानात कोणालाही मिळतात. दिवा, काचेवरची पाटी किंवा वायरलेससारखे दिसणारे यंत्र, यांपैकी काहीही ओळखपत्राची जागा घेऊ शकत नाही. जो स्वतःला पोलीस म्हणवतो आणि नसतो, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कारावास आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. ताई, तुमची तक्रार आजही घेतली जाऊ शकते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली, तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. हद्दीचे कारण देऊन कोणी परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चे नाव घ्या.

उत्तर : चंदगड रस्त्यावरची प्रवासी

आमच्या भागातील एक अडचण बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही, म्हणून लिहिते. ११२ चा कॉल मोबाइल ज्या टॉवरला जोडलेला असतो, त्यानुसार त्या त्या राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो. बाची-शिनोळीच्या किंवा कोगनोळी-कागलच्या परिसरात आपण कर्नाटकात असतो आणि टॉवर महाराष्ट्रातला असतो, किंवा याच्या उलट. म्हणून फोन लागताच पहिले वाक्य जागेचे असावे : राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव किंवा टोलनाका. ‘कर्नाटक, बेळगावी जिल्हा, हुक्केरी तालुका, हत्तरगी टोलजवळ, बेळगावच्या दिशेने’ एवढे सांगायला काही क्षण पुरतात. महामार्गाच्या कडेच्या किलोमीटरच्या पाट्या पाहण्याची सवय ठेवावी, कारण अंधारात गाव कोणते हे सांगता येत नाही, पण आकडा वाचता येतो. चालवणाऱ्याने फोन करू नये, शेजारच्याने करावा. एकटे असाल तर हँड्सफ्रीवर.

दुसरी अडचण भाषेची. कक्षातील माणसाला मराठी येईलच असे नाही. मी तीन कन्नड वाक्ये पाठ केली आहेत आणि ती मला उपयोगी वाटतात : ‘गुरुतिन चीटी तोरिसि’ म्हणजे ओळखपत्र दाखवा, ‘नावु ठाणेगे बरुत्तेवे’ म्हणजे आम्ही ठाण्यात येतो, आणि ‘सहाय माडि’ म्हणजे मदत करा. खरा कर्नाटक पोलीस आपल्या तोंडून हे ऐकून शांतही होतो, हे मी पाहिले आहे.

निवडणुकीच्या काळाबद्दल स्वतंत्रपणे सावध करते. आचारसंहिता लागली की सीमेवर तपासणी नाके बसतात आणि भरारी पथके फिरतात. त्या पथकांच्या गाड्या अनेकदा भाड्याच्या, साध्याच असतात, पण पथकाबरोबर चित्रीकरण करणारा माणूस असतो आणि पैसे जप्त केल्यास पावती मिळते. पन्नास हजारांहून अधिक रोख बाळगणाऱ्या शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने बँकेचा अथवा बाजार समितीचा कागद जवळ ठेवावा. पावती न देता रक्कम मोजायला मागणाऱ्याच्या हाती ती देऊ नये. गोव्याहून येताना मद्याच्या तपासणीसाठी थांबवतात, त्यालाही हाच नियम लागू आहे.

पुन्हा : शहापूरची रहिवासी, बेळगाव

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी काल जवळच्या ठाण्यात जाऊन लेखी माहिती दिली. गाडीचा क्रमांक मला वाचता आला नव्हता, तरी वेळ, जागा आणि गाडीचा रंग त्यांनी नोंदवून घेतला. आईला मी ११२ लावायला शिकवले. तिच्या फोनवर पॉवर बटन सलग दाबले की आपत्कालीन कॉल जातो, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हते. किती वेळा दाबायचे ते प्रत्येक फोनमध्ये वेगळे असू शकते, म्हणून सर्वांनी घरीच सेटिंगमध्ये पाहून ठेवावे. कन्नड वाक्ये देवनागरीत लिहून डॅशबोर्डवर चिकटवली आहेत.

एकच शंका उरली आहे. माझा धाकटा भाऊ कामासाठी मोटारसायकलवरून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला जातो. तिथे जंगलात फोनला रेंज नसते आणि दुचाकीला दारे-काचाही नसतात. त्याने काय करावे?

उत्तर : निपाणीचा चालक

ताई, त्याला रात्री त्या घाटात एकट्याने जाऊ देऊ नका, हे पहिले. जायचेच झाले तर जांबोटीत थांबून एखादी बस किंवा मालगाडी येऊ द्यावी आणि तिच्या मागे अंतर राखून जावे. निघताना आणि पोहोचल्यावर घरी कळवण्याची वेळ ठरवून घ्या. रेंज नसली तरी उशीर झाल्याचे घरच्यांना कळेल. मागून कोणी इशारा केला तर दुचाकी रस्त्याच्या कडेला मातीत उतरवू नये, डांबरावरच ठेवावी, म्हणजे पुन्हा निघता येते. वस्ती लागेपर्यंत थांबू नये : वर कणकुंबी, खाली उतरल्यावर साखळीच्या बाजूची गावे. दुचाकीवरून उतरायची वेळ आलीच, तर किल्ली खिशात ठेवावी आणि हेल्मेट डोक्यावरच असू द्यावे.