मदत हवी आहे: कमी बजेटमधल्या नॉयर (गडद सावल्या आणि संशयाच्या शैलीतल्या) थ्रिलरसाठी रात्रीचं लायटिंग

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र मिळून पदरच्या पैशांतून एक लहान थ्रिलर करतोय. नवऱ्याच्या तेराव्यानंतर बायको त्याचं कपाट आवरते आणि शर्टाच्या खिशात एका खोलीच्या भाड्याची पावती सापडते. ही खोली तिला ठाऊकच नाही. तिचं दुःख आणि संशय एकाच चेहऱ्यावर दिसायला हवेत, म्हणून अर्धा चेहरा पूर्ण काळोखात ठेवायचाय.

अडचण इथेच आहे. घर जुनं, भिंती पांढऱ्या, खोली दहा बाय दहाची. एक एलईडी पॅनल लावला की उजेड भिंतीवरून परततो आणि काळोख राखाडी होतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० वर नेला की सावलीत दाणे दिसतात. ट्यूबलाइटचं लुकलुकणं (फ्लिकर) दिसू नये म्हणून शटर १/५० सेकंदावर ठेवलंय, ते ठीक चाललंय.

दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनचा पहिला चित्रपट 'फॉलोइंग' (१९९८) सोळा एमएम फिल्मवर, कृष्णधवल, बराचसा खिडकीतल्या उजेडावर झाला. पण आमचा प्रसंग रात्रीचाच हवा, दिवसा पावती सापडली तर सगळी भीतीच जाते.

भिंतींवर काळं कापड लावून फरक पडतो का? की दिवसा शूट करून रात्र भासवावी? आणि कथेबद्दलही सांगा: खोलीत काय आहे हे प्रेक्षकाला तिच्याआधी कळू द्यावं का? मला वाटतं, नको. पण टीममध्ये यावर एकमत नाही. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.