हृदय उजवीकडे, खोकला बारमाही – पीसीडी (श्वासनळीतले सूक्ष्म केस नीट न हलण्याचा जन्मजात आजार) कुणाला आहे का?

लेकीची आई, मिरज:
मुलगी साडेसहा वर्षांची. दिवस पूर्ण भरून जन्मली, तरी दुसऱ्या दिवशी धाप लागून आठवडाभर काचेच्या पेटीत होती. तेव्हापासून नाक कोरडं कधी पाहिलंच नाही. खोकला बाराही महिने, ओला. बाळदमा म्हणून पंप दिला, फरक शून्य. कान दोनदा फुटला. परवा एक्स-रे काढला तर हृदय उजवीकडे! घामाची टेस्ट (सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या आजारासाठीची) नॉर्मल आली, आता डॉक्टर पीसीडी म्हणतात. सासूबाई म्हणतात, खोकला थांबायचं औषध दे, झोपू दे पोरीला. देऊ का?

पीसीडीवाला, नाशिक:
ताई, ते औषध अजिबात देऊ नका. श्वासनळीला आतून सूक्ष्म केस असतात, ते सतत हलून कफ वर ढकलतात. आमचे केस हलत नाहीत, नाहीतर वेडेवाकडे हलतात. कफ बाहेर काढायला आमच्याकडे खोकलाच आहे.
गर्भात डावं-उजवं ठरतं तेही अशाच केसांमुळे, म्हणून आमच्यातल्या जवळपास निम्म्यांचे अवयव उलट बाजूला. माझं हृदय जागेवर, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. एकोणिसाव्या वर्षी टीबीच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या, बेडक्यात जंतू सापडलेला नसताना! निदान झालं तोवर उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागातल्या नळ्या सैल पडल्या होत्या. त्या आता पूर्ववत होत नाहीत. तुमच्या लेकीचं वेळेत कळलंय, हे फार मोठं आहे.
मी रोज उठल्यावर सलाइनची वाफ घेतो, मग कुशीवर पडून आरशावर वाफ धरावी तसा ‘हाऽऽ’ करत श्वास सोडतो. बेडका वाटीत बघतो. रंग बदलला की कल्चरला (कोणता जंतू आहे ते तपासायला) देतो, मनाने अँटिबायोटिक घेत नाही.

लेकीची आई, मिरज:
मी आणि नवरा आते-मामे भावंडं. घरात सगळे माझ्याकडे बोट दाखवतात.

पीसीडीवाला, नाशिक:
बहुतेक वेळा सदोष जनुक आईकडून एक, वडिलांकडून एक असं येतं. दोघांनाही स्वतःला त्रास नसतो. एकट्या आईकडे बोट कसं दाखवतात? दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुक तपासणीचं विचारा.

फिजिओ, पुणे:
या वयाला बाटलीत पाणी घालून नळीने बुडबुडे काढायला लावतात. तुमच्या फिजिओकडून पाण्याची उंची आणि पद्धत नीट शिकून घ्या. पळू-खेळू द्या, त्यानेही कफ सुटतो. दरवर्षी फ्लूची लस. आणि ऐकू नीट येतंय ना, ते तपासाच.

लेकीची आई, मिरज:
शिकून आलो. आज पहिल्यांदा बुडबुडे काढले, चांगला चमचाभर कफ पडला. वाटी सासूबाईंनीच धरली होती.